फ्यूज गेजच्या मागे नको, बॅटरीजवळ लावा

गाडीत नंतर व्होल्टमीटर किंवा ऑइल प्रेशरचा गेज बसवताना एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते, की फ्यूज गेजला वाचवतो म्हणून तो डॅशबोर्डमागे गेजला लागूनच लावायचा, आणि सारखा उडत असेल तर १० अँपियरचा काढून २०चा टाकायचा. हे चूक आहे आणि यात गाडी पेटू शकते.

फ्यूज असतो वायरसाठी. गेज आणि त्याचा लाइट मिळून साधारण एक अँपियरसुद्धा घेत नाही, पण १२ व्होल्टची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपियर सोडते. आता बघा, बॅटरीवरून निघालेली बारीक वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून आत येते, तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) नसेल तर पत्र्याची धार रोज थोडी थोडी इन्सुलेशन कापते, आणि एक दिवस तांबं बॉडीला टेकतं. फ्यूज पार गेजजवळ असेल तर तो करंट त्याच्यातून जातच नाही, त्याला पत्ताच नसतो, वायर मात्र लाल होऊन शेजारच्या वायरिंगलाही घेऊन जळते.

म्हणून इनलाइन फ्यूज, म्हणजे वायरच्या मधेच जोडलेला फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, एवढ्या लोडला ३ अँपियरचा जांभळा पुरतो. फ्यूजबॉक्समधून टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून नवी लाइन काढून देणारा तुकडा) घेत असाल तर स्वतःचा फ्यूज असलेलाच टॅप घ्या, फक्त इग्निशनवर चालू होणारी लाइन पकडा, नाहीतर गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. आणि फ्यूज परत परत उडत असेल तर कृपया आधी वायर कुठे घासतेय ते शोधा!