मीटिंगला कुणी 'ॲडमिट' करून घेत नाही

परवा नात्यातल्या एका वहिनींचा फोन आला. आवाज दबका, बहुतेक गॅलरीत येऊन बोलत असाव्यात. "भाऊजी, ते एए म्हणतात ना, तिथं यांना किती दिवस ठेवून घेतात? आणि भरायचे किती?"

या दोन प्रश्नांतच सगळा घोळ आहे. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या मीटिंगा. एए कुणाला ठेवून घेत नाही आणि फीही घेत नाही. वहिनींच्या डोक्यात होतं ते व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यात असं होणं साहजिकच आहे म्हणा. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली, पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधारावर येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं. तेव्हापासून दारू सोडवायची म्हटलं की पुणेकराच्या तोंडी तेच नाव येतं, आणि बाकी सगळं 'मुक्तांगणसारखंच काहीतरी' होऊन बसतं.

केंद्र म्हणजे मुक्काम. डॉक्टर, औषधं, समुपदेशक, सकाळपासून रात्रीपर्यंत आखलेला दिवस. मुक्तांगणचा उपचार ३५ दिवसांचा असतो.

एएची मीटिंग म्हणजे तास-दीड तास. कुठं शाळेचा वर्ग, कुठं चर्चच्या आवारातली खोली. चर्च म्हटल्यावर काही जण दचकतात, पण तो संबंध जागेपुरताच. ईश्वर ज्याला जसा उमजेल तसा. कुणाचा विठोबा असतो, कुणाचा कुणीच नसतो. एकेक जण उठतो, "मी अमुक, मी अल्कोहोलिक" म्हणतो आणि आपल्यावर काय गुदरलं ते सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. आडनाव कुणी विचारत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराजवळची खुर्ची धरून बसलो होतो, पळता यावं म्हणून. शेवटी डबा फिरतो, त्यातून जागेचं भाडं आणि चहा भागतो. बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात शेअरबाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूत पार बुडालेले, पैकी पहिल्यानं काही महिन्यांपूर्वीच सोडलेली, एकमेकांशी बोलत बसले आणि बोलण्याच्या आधारानं दारूपासून लांब राहिले. मूळ एवढंच. भारतात एए १९५७ मध्ये आलं. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा.

आणि ही इच्छा दुसऱ्या कुणाची चालत नाही. बायकोची नाही, आईची तर नाहीच.

केंद्राचं तसं नाही. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं घरच्यांच्या अर्जावरून त्याला दाखल करता येतं. पण त्याआधी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवा, आणि पहिली मुदत ३० दिवसांपर्यंतच. 'तुम्ही फक्त पत्ता सांगा, आमची पोरं रात्री गाडी घेऊन येतात' असं म्हणणारे भेटले तर आधी नोंदणीचा कागद मागा. बहुतेकदा तिथंच बोलणं संपतं.

मी वहिनींना एकच विचारलं, "दादा सकाळी उठल्याउठल्या घेतो का?"

थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ब्रश करायच्या आधी."

असं असेल तर आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पुढे फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. 'मनावर घेतलं की सुटते' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. मीटिंगमधली माणसं कितीही प्रेमाची असली तरी फिट थांबवू शकत नाहीत. त्यासाठी केंद्र, नाहीतर ससूनसारख्या रुग्णालयाचा मनोविकार विभाग. कुठून सुरुवात करायची तेच सुचत नसेल तर १४४४६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे.

मग मीटिंगचा उपयोग काय? छत्तिसाव्या दिवशी कळतो. दादा घरी आलेला असतो, चेहऱ्यावर तकाकी असते, पण कोपऱ्यावरची परमिट रूम तिथंच असते आणि संध्याकाळचे सात वाजतातच. त्या सातचं काय करायचं, हे आदल्या दिवशी ते सात काढलेला माणूसच सांगू शकतो. मुक्तांगणही घरी गेलेल्यांचे पाठपुराव्याचे गट चालवतं, ते याचसाठी.

मीटिंग शोधणं सोपं आहे. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गट, वार आणि वेळा मिळतात. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करावा आणि दोन गोष्टी विचाराव्यात. भाषा कोणती, कारण मराठीत शिव्या खाल्लेल्याला इंग्रजीत रडता येत नाही. आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे तोच बसतो. ओपनला घरचे, डॉक्टर, विद्यार्थी, कुणीही.

"म्हणजे मी ओपनला येऊ शकते," वहिनी म्हणाल्या.

"येऊ शकता. पण तुमच्यासाठी वेगळी मीटिंग असते, अल-अनॉन. पिणाऱ्यांच्या घरच्यांची. १९५१ पासून आहे."

"मला कशाला? मी थोडीच पिते?"

"रात्री दादा येईपर्यंत झोप लागते का तुम्हाला?"

"वार कोणता म्हणालात?" त्यांनी विचारलं.