शेंड्याचा दाब

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. आंबेवाडी-चिखलीपासून खाली शिरोळपर्यंत उसाचे फड कित्येक दिवस पाण्यात होते. पाणी ओसरलं तेव्हा पानं गाळानं राखाडी झालेली आणि पोंग्यात चिखल बसून शेंडे कुजलेले. फड गेला, असंच वाटत होतं. पण पंधरवड्यानं बांधावर उभं राहून पाहिलं, तर कांड्यांवरचे डोळे फुगले होते आणि कुठंकुठं हिरवे कोंब बाहेर आले होते. उसाला पांगशा फुटल्या होत्या. ज्या उसांचे शेंडे पाण्याच्या वर राहिले, त्यांचे डोळे मात्र तसेच मिटलेले. शेजारच्या फडातले आजोबा म्हणाले, "शेंड्याचा दाब गेला की डोळं उठत्यात बघ."

हा दाब म्हणजे ऑक्सिन. शेंड्यातल्या कोवळ्या पानांत तयार होणारं हे संप्रेरक पेशीपेशीतून खाली उतरत राहतं. १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञानं ओटच्या कोवळ्या कोंबांची टोकं कापून अगरच्या तुकड्यावर ठेवली. मग टोकं बाजूला करून नुसता तो तुकडा कापलेल्या कोंबावर बसवला, आणि थांबलेला कोंब पुन्हा वाढू लागला. टोकातून काहीतरी झिरपून अगरमध्ये आलं होतं. हे काहीतरी इतकं थोडं असतं, की एक ग्रॅम ताज्या पाल्यात ते ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजावं लागतं.

गंमत अशी, की ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरून त्याला अडवत नाही. खोडातून उतरताना ते सायटोकायनिनची निर्मिती कमी ठेवतं. डोळ्याला जाग आणणारं संप्रेरक हेच. शिवाय डोळ्यांना निजवणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोनची निर्मिती ते चालू ठेवतं. शेंडा कुजला की दोन्ही गोष्टी उलटतात. यात साखरेचाही हात आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये वाटाण्यावर दाखवलं. शेंडा खुडल्यावर ऑक्सिन ओसरण्याआधीच डोळ्याकडे साखर पोचते आणि पहिली हालचाल तिच्यामुळं होते. शेंड्याची भूक मोठी, तोवर डोळ्यांच्या वाट्याला काही येत नाही.

आपल्याकडचे शेतकरी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातानं वापरत आले आहेत. आख्खा ऊस जमिनीत आडवा पुरला तर शेंड्याकडचे डोळे उगवतात, बुडख्याकडचे मागं राहतात. म्हणून बेण्याच्या एक किंवा दोन डोळ्यांच्या टिपऱ्या करतात. लागणीनंतर दीडएक महिन्यानं जेठा कोंब काढतात, तोही याच कारणानं. थोरला गेला की धाकटे फुटवे एकसारखे वाढतात.

स्ट्रायगोलॅक्टोनची कथा मला सगळ्यात विलक्षण वाटते. जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडला की मुळं हे रसायन मातीत सोडतात, आणि मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी त्या हाकेनं जवळ येते. ही हाक आणखी कुणीतरी ऐकतं. ज्वारीच्या आणि उसाच्या मुळांवर जगणारा टारफुला. त्याचं मोहरीहूनही बारीक बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं, आणि यजमानाच्या मुळांचा हा वास आला की रुजतं. टारफुल्याचं शास्त्रीय नाव स्ट्रायगा, त्यावरूनच या रसायनाला नाव मिळालं. तेच रसायन झाडाच्या आत फांद्या रोखतं, हे कळायला २००८ उजाडलं.

आता पुन्हा पुराकडे. पाण्यात बुडालो हे झाडाला कळतं कसं? झाडाच्या प्रत्येक भागातून इथिलीन नावाचा वायू सतत थोडाथोडा बाहेर पडतो. केळीची अढी पिकते ती याच वायूनं. हवेत तो लगेच पांगतो, पण पाण्यात त्याचा वेग सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो. मग तो आतच कोंडतो, आणि हे कोंडणं म्हणजेच पुराची वर्दी. पूर ओसरल्यावर उसाच्या कांड्यांवर पांढऱ्या मुळ्यांचे झुबके दिसतात, त्यामागं इथिलीन आणि ऑक्सिन ही जोडी असते. मुळांच्या आत काही पेशी मरून हवा खेळायला पोकळ्या होतात, तेही इथिलीनचंच काम.

भातात या एकाच वर्दीला दोन अगदी उलट उत्तरं सापडली आहेत. खोल पाण्यातलं भात इथिलीन कोंडलं की जिबरेलिन हे उंची वाढवणारं संप्रेरक वाढवतं आणि दिवसाला २०-२५ सेंटिमीटरपर्यंत उंच होत पाण्याबाहेर डोकं काढतं. ओडिशातल्या एफआर१३ए या जुन्या वाणात मात्र सब१ए नावाचं जनुक आहे. ते जिबरेलिनचं म्हणणं ऐकूच देत नाही. रोप वाढ थांबवतं, साखर राखून ठेवतं आणि सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतं. हेच जनुक आणलेला स्वर्णा-सब१ वाण २००९ मध्ये भारतात प्रसारित झाला. पूर हळूहळू चढून महिनोन्‌महिने टिकत असेल तर उंच होणं शहाणपणाचं. आठवड्याभरात उतरणाऱ्या पुरात गप्प बसणारं रोप वाचतं, धावणारं साखर संपून कोलमडतं.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं जीए म्हणजे हेच जिबरेलिन, आणि सिक्स बीए हे सायटोकायनिन. फुटव्याच्या वेळी सिक्स बीए आणि कांडी धरताना जीए फवारतात. माझं मत विचाराल तर वेळ आणि प्रमाण चुकलं की हा खर्च वाया जातो. संप्रेरक म्हणजे खत नव्हे. ते निरोप पोचवतं, अन्न पुरवत नाही. मुळाशी पाणी आणि नत्र नसेल तर फुटव्यांनी तो निरोप ऐकून करायचं काय?

त्या वर्षी पांगशा फुटलेला ऊस काही जणांनी गुऱ्हाळाला दिला. कोंबांना पोसायला उसानं आपली साठवलेली साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज केलं होतं, आणि या दोन साखरांचे खडे सहजी बनत नाहीत. गुळव्यानं काहिलीतला रस ढवळला, चिमटीत धरून पाण्यात टाकून पाहिला आणि मान हलवली. "ह्याची काकवी होईल. ढेप धरायची न्हाई."