हेपटायटिस सी बरा झाला, तरी सोनोग्राफी थांबवू नका

‘व्हायरस गेला, आता लिव्हरच्या कॅन्सरची भीती नाही. वाटलंच तर एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरसाठीची रक्ताची चाचणी, करायची.’ सोलापुरात हेपटायटिस सीमधून बरे झालेल्यांच्या घरी हे अजूनही ऐकू येतं. यातलं अर्धंच खरं आहे.

साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी १०० पैकी ९५ च्या आसपास रुग्णांचा विषाणू जातो, कॅन्सरचा धोकाही बराच उतरतो. पण आधीच सिरोसिस झाला असेल, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालं असेल, तर हा धोका पुढे अनेक वर्षं राहतो. एएफपीवर विसंबणं तर घातकच. सुरुवातीच्या गाठीत ती अनेकदा नॉर्मल येते.

धोक्याचा अंदाज साध्या रिपोर्टांवरून येतो, त्याला फिब-४ म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्ताच्या रिपोर्टमधली लिव्हरची एन्झाइम. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेटच्या हजारांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. वय ६०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख (म्हणजे १०० हजार), तर उत्तर ४. एन्झाइम जवळपास नॉर्मल, तरी आकडा ३.२५ च्या वर, म्हणजे धोका जास्त! प्लेटलेट उतरल्या की आपल्याला फक्त डेंग्यू आठवतो. सिरोसिसमध्येही त्या उतरतात.

आकडा कमी आला, तरी सिरोसिस असलेल्याने दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच, पोटात काही दुखत नसलं तरी.