तुतीला पतंगाची गरज नाही

पतंग म्हटला की रात्री फुलांवर घिरट्या घालणारा, पराग इकडून तिकडे नेणारा पाहुणा डोळ्यांसमोर येतो. रेशमाचा पतंग आणि तुती यांच्यात असलं काही नाही. या पतंगाच्या तोंडाचे भाग इतके खुंटलेले असतात की कोषातून निघाल्यावर तो काहीच खात नाही. त्याचं सगळं जेवण अळी असतानाच, तुतीच्या पाल्यावर उरकलेलं असतं. माणसाने हजारो वर्षं पाळल्यामुळे आता त्याला पंख असूनही उडता येत नाही.

वेगात बाजी मारली ती झाडाने. पांढऱ्या तुतीच्या नरफुलातले पुंकेसर वाकून ताणलेले असतात. ते सुकत आले की झटक्यात सुटतात आणि पराग भिरकावतात. २००६ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं, तेव्हा सगळा प्रकार सेकंदाच्या सुमारे ४०,०००व्या भागात आटोपतो आणि परागांचा वेग ध्वनीच्या निम्म्याहून अधिक असतो, असं दिसलं. पुढचं काम वाऱ्याचं. कीटकांची मनधरणी तुती करतच नाही.

वाऱ्यावर भिस्त पतंगाचीही असते. मादी बसल्या जागी गंध सोडते आणि नर पंख फडफडवत, चालत तिच्याकडे येतो. त्या गंधातलं बॉम्बिकॉल हे द्रव्य ओळखण्यासाठी जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांच्या चमूने सुमारे ५ लाख माद्या वापरल्या. १९५९ साली ते हाती लागलं.

अळी पाला फस्त करते म्हणून तुती तिच्यासाठीच बनली, हा समज मात्र भाबडा आहे. पान तोडलं की पांढरा चीक येतो. त्यात साखरेची नक्कल करणारी द्रव्यं असतात. ती किड्याच्या पोटात साखरेचं पचन अडवतात. एरंडावर वाढणाऱ्या एरी अळ्यांना तुतीचा पाला बाधतो, पण चीक धुऊन काढला तर त्याच अळ्या तो निमूट खातात. रेशीम अळीकडे या द्रव्यांना दाद न देणारं एक विकर (एन्झाइम) आहे. गंमत म्हणजे त्याचं जनुक जिवाणूंच्या जनुकाशी मिळतंजुळतं आहे. उसनवारीच म्हणायची!

जालना-बीडकडच्या रेशीम शेतीत या दोघांचीही लग्नं लागत नाहीत. तुती बेण्यावर वाढते, तिला बी धरायची गरज नसते. आणि पतंगाने कोष फोडला तर धागा सलग निघत नाही, म्हणून आतला जीव उष्णता देऊन आधीच मारतात. पतंग होऊ देतात ते अंडीपुंजांसाठी, म्हणजे पुढच्या पिढीच्या अंड्यांसाठी, राखलेल्या कोषांतलेच.