हवा सोडली म्हणून टायर रस्ता धरत नाही

मृग लागला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत मोटारसायकलवाल्यांना एक सल्ला हमखास ऐकू येतो: रस्ते ओले झालेत, टायरातली हवा थोडी सोड, ग्रिप वाढेल. किनाऱ्याच्या वाळूत हे खरं आहे, पसरलेला टायर कमी रुततो. ओल्या डांबरावर मात्र नेमकं उलट घडतं.

साचलेल्या पाण्यात टायरला आधी मधलं पाणी बाजूला सारावं लागतं, तेव्हा कुठे रबर डांबराला टेकतं. पाण्याचा उलटा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 चे 80 किमी केले की दाब चौपट. त्याला तोंड देणारा टायरचा दर चौरस सेंटीमीटरचा जोर साधारण आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. दोन्ही बरोबरीला आले की टायर पाण्यावर तरंगतो, हँडल एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही होत नाही. विमानांच्या टायरांवरून काढलेलं नासाच्या 1963 च्या अहवालातलं सूत्र सांगतं की हा तरंगण्याचा वेग टायरातल्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. 25 पीएसआयला (पंपावर हवा मोजतात ते एकक) तो ताशी 83 किमी येतो, 16 ला 67. मोटारसायकलचा टायर गोलसर, तो पाणी सहज कापतो, म्हणून प्रत्यक्षात आकडे वर सरकतात. पण हवा इतकी उतरली की हा वेग सुमारे 20 टक्क्यांनी घटतो, हे सुटत नाही. शिवाय मऊ टायरच्या खाचा रस्त्यावर दबून मिटतात आणि पाण्याला वाट उरत नाही.

झिजेचंही तसंच. मागच्या चाकावर 100 किलो भार आणि 28 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास 2 किलो दाब असेल, तर रबर सुमारे 50 चौरस सेंटीमीटर टेकतं. 20 पीएसआयला हिशेबाने 70. पण हा वाढलेला भाग प्रत्येक फेऱ्याला दुमडतो, सुटताना घासतो, तापतो आणि कडांकडून झिजतो. हवा जास्त झाली तर मधलाच पट्टा झिजून सपाट होतो. असा टायर चोर्ला घाटात वळणावर आधी आडमुठेपणा करतो, मग सपाट भागाची कड ओलांडली की एकदम आत कोसळतो. पुढे हवा कमी असली की हँडल जड होतं. मागे कमी असली की गाडी डोलते.

चेन कव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर आकडे चिकटवलेले असतात. 100-125 सीसी गाड्यांना पुढे 25, मागे एकट्याला 28 च्या आसपास, मागे माणूस असेल तर मॉडेलनुसार 33 ते 41. पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्या भावांनी कायम मोठा आकडाच धरावा, कारण मागच्या माणसाचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं.

मोजायचं ते गार टायरवर, रात्रभर उभ्या गाडीवर. तापमान 10 अंशांनी वाढलं की 28 चे साडेएकोणतीस होतात; म्हणून तापलेल्या टायरातून 'जास्तीची' हवा सोडू नये. नायट्रोजनवर पैसे घालवायचीही गरज नाही: साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, आणि हँडलाच्या लिंबू-मिरचीइतकाच तो कमी दाबावर उपाय आहे.

आठवड्यातून दोनदा हवा भरावी लागत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर आतली सुई बदलून घ्या. ट्यूबलेस असेल तर रिमच्या कडेलाही पाणी फिरवा; तिथला गंज घासून काढल्याशिवाय टायर हवा धरत नाही.