स्टार्ट बटण गेलं कुठे?

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची विंडोज ८ बाजारात आली आणि जगभर माणसं एका साध्या प्रश्नापाशी अडली: संगणक बंद कसा करायचा? माउस स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात न्यायचा, बाजूने सरकत येणाऱ्या पट्टीतून 'सेटिंग्ज' उघडायचं, मग 'पॉवर', मग 'शट डाउन'. सुरुवात कोपऱ्यातून करायची, हे सांगणारी एकही खूण स्क्रीनवर नव्हती. डावीकडे खाली वर्षानुवर्षं असलेलं स्टार्ट बटणही गायब. त्याच्या मेन्यूऐवजी रंगीत चौकटींचा पूर्ण पडदा उघडायचा.

यामागे टॅब्लेटची नवी लाट होती; अ‍ॅपलचा आयपॅड २०१० साली आला होता. बोटाने चालणारा टॅब्लेट आणि माउसने चालणारा संगणक, दोन्हींना एकच रूप द्यायचं, असं स्टीव्हन सिनोफ्स्की यांच्या नेतृत्वाखालच्या विंडोज विभागाने ठरवलं.

मुळात स्टार्ट बटण आलं ते लोकांची अडचण पाहूनच. विंडोज ९५ च्या चाचण्यांमध्ये नवखी माणसं रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहायची, कुठून सुरुवात करावी ते कळेना. आधीच्या नमुन्यात खालच्या पट्टीवर सिस्टिम, फाइंड आणि हेल्प अशी तीन बटणं होती. ती एकत्र केली आणि त्यावर सरळ 'स्टार्ट' लिहिलं. मग लोकांचा हात आपोआप तिकडे जाऊ लागला.

मग ते काढलं कशासाठी? विंडोज ७ वापरणाऱ्यांच्या आकडेवारीत स्टार्ट मेन्यूचा वापर घटलेला दिसत होता, कारण लोक नेहमीचे प्रोग्राम टास्कबारवरच, म्हणजे त्या खालच्या पट्टीवरच, ठेवू लागले होते. आकडे खरेच होते. पण त्यांत क्लिक मोजले जातात; नुसतं नजरेला पडून धीर देणारं बटण मोजलं जात नाही. एसटी स्टँडवर रोजचा प्रवासी फलाटाची पाटी वाचत नाही, म्हणून ती कोणी उतरवत नाही. माझ्या मते विंडोज ८ ची मूळ चूक हीच.

यातला विज्ञानाचा भाग मला फार मोलाचा वाटतो. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला: एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. लांबचं आणि लहान असेल तर वेळ जास्त. संगणकावर कोपऱ्याला यात वेगळंच महत्त्व येतं. माउस कितीही जोरात ढकला, बाण कडेला येऊन थांबतोच, त्यामुळे कोपरा हे जवळजवळ न चुकणारं लक्ष्य ठरतं. गंमत म्हणजे विंडोज ९५ मध्ये बटण आणि स्क्रीनची कड यांत एक-दोन पिक्सेलची, म्हणजे स्क्रीनवरच्या एक-दोन ठिपक्यांची, फट होती. अगदी कोपऱ्यात क्लिक केलं तर काहीच व्हायचं नाही! विंडोज ८ मध्ये नेमकं उलट झालं. कोपरा जिवंत होता, पण तिथे काहीच दिसत नव्हतं. शिवाय दोन मॉनिटर शेजारी लावले, की त्यांच्यामधल्या कोपऱ्यावर बाण पटकन पलीकडच्या स्क्रीनवर निसटायचा.

फिट्सचा नियम लागू होतो तो लक्ष्य कुठे आहे हे ठाऊक असल्यावर. ते ठाऊक कसं होणार, हा प्रश्न स्मरणशक्तीचा. समोर दिसणारी गोष्ट ओळखणं मेंदूला सोपं जातं. काहीच खूण नसताना आठवून काढणं जड जातं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी संगणकाला सरावलेल्या १२ जणांवर विंडोज ८ ची चाचणी घेतली, तेव्हा हीच माणसं अडखळली. तेव्हा 'मला हे जमत नाही' म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांना ठामपणे सांगायला हवं: चूक रचनेची होती.

सिनोफ्स्की नोव्हेंबर २०१२ मध्येच कंपनीतून बाहेर पडले. ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ आवृत्तीत बटण परतलं, पण दाबल्यावर पुन्हा चौकटीच उघडत. एप्रिल २०१४ मध्ये त्या पडद्यावर संगणक बंद करण्याचं बटण आलं. खरा मेन्यू मिळायला जुलै २०१५, म्हणजे विंडोज १०, उजाडावी लागली.

२०२१ च्या विंडोज ११ मध्ये हे बटण टास्कबारच्या मधोमध सरकलं. दिसतं छान, पण कोपऱ्याचा फायदा गेला. टास्कबारवर प्रोग्राम उघडत गेले की त्याची जागाही थोडी थोडी हलते. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ते पुन्हा डावीकडे नेता येतं. घरात कोणी वयस्कर माणूस संगणक वापरत असेल, तर एवढं जरूर करून द्या.