ओठांसाठी फिलर निवडताना

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी मोबाईलमधला फोटो पुढे करतात आणि विचारतात, "असे ओठ व्हायला किती एमएल लागेल?" आत नेमकं कोणतं फिलर, म्हणजे ओठ भरदार करणारा पदार्थ, टोचणार, हे मात्र फार थोड्याजणी विचारतात. पणजीत करा, म्हापशात करा किंवा मडगावात, पहिला प्रश्न हाच हवा: हे नको झालं तर विरघळवता येतं का?

ओठांसाठी आम्ही फक्त हायलुरोनिक ॲसिडचं फिलर वापरतो, ते याच कारणासाठी. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. नुसता टोचला तर शरीर तो काही दिवसांत पचवून टाकतं, म्हणून कंपन्या त्याचे धागे एकमेकांना जोडून जेल बनवतात. ओठांत ते साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतं. आकार बिघडला किंवा रक्तवाहिनी दबली, तर हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन ते विरघळवता येतं.

बाकीच्या फिलरना ही सोय नाही. कॅल्शियमवालं फिलर गालाला, जबड्याला चालतं, पण सतत हलणाऱ्या ओठांत त्याच्या गाठी होतात. सिलिकॉन आणि इतर 'कायमची' फिलर तर ओठांच्या वाटेला जाऊच नयेत. पुन्हा पुन्हा खर्च नको म्हणून ती मागणारे भेटतात. पण वयाबरोबर ओठ बदलतात, फिलर तिथेच राहतं आणि मग ते काढायला शस्त्रक्रिया लागते.

हायलुरोनिकमध्येही प्रकार आहेत

ओठांसाठी वापरल्या जाणाऱ्या फिलरमध्ये एका एमएलला 15, 20, 24 मिलिग्रॅम अशी वेगवेगळी मात्रा असते. मोठा आकडा म्हणजे भारी माल, असं नाही. मात्रा जास्त असली की जेल सहसा जास्त पाणी ओढतं, शिवाय धागे किती घट्ट जोडलेत यावरही त्याचा कडकपणा ठरतो. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईंच्या ओठांवर उभ्या बारीक रेषा असतील आणि ओठ सुकलेले दिसत असतील, तर मऊ, पातळ जेल बरं. पंचविशीतल्या मुलीला वरच्या ओठाची कड उठावदार हवी असेल, तर थोडं घट्ट घ्यावं लागतं. हनुवटीसाठी बनवलेलं कडक फिलर "उरलंय, ओठांत भरून टाकू" असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ उठा.

एक एमएल म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. पहिल्या वेळेला आम्ही अर्ध्यावरच थांबायला सांगतो. काही ब्रँडमध्ये लहान सिरिंज मिळते. मोठीतलं उरलेलं आम्ही फेकतो, पुढच्या वेळेसाठी ठेवत नाही.

खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा

खोक्यावर बॅच नंबर, मुदत, आयात करणाऱ्याचं नाव आणि परवाना क्रमांक वाचा. आतला स्टिकर तुमच्या कार्डावर चिकटवून घ्या. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर त्यालाही कळेल की आत काय आहे. सुईविना फिलर भरणारं 'पेन' ऑनलाइन विकलं जातं, पार्लरमध्येही वापरतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2021 साली त्याविरुद्ध इशारा दिला आहे. टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का आणि हायलुरोनिडेज तिथे हजर आहे का, हे विचारायला लाजू नका.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आम्ही हे करत नाही. ओठांवर अधूनमधून फोड येत असतील तर आधी सांगा, कारण सुईने ते उफाळू शकतात. त्यासाठी आधीच गोळ्या देता येतात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. दातांचं काम असेल तर दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहून बरेचजण घाबरतात. सूज तेव्हाच सर्वांत जास्त असते. तो अंतिम आकार नव्हे. काळं-निळं आठवडाभर राहू शकतं. पहिल्या दिवशी कढत, तिखट हुमण नको, फेणी नको, भर उन्हात किनाऱ्यावर जाणं नको. (फेणीबद्दल हमखास विचारतात, म्हणून लिहिलं.)

पण ओठ किंवा आजूबाजूची त्वचा पांढुरकी पडली, जांभळी जाळी दिसू लागली किंवा दुखणं वाढत गेलं, तर सूज म्हणून सोडून देऊ नका. बोटाने दाबून सोडा: दोन-तीन सेकंदांत रंग परतला नाही, तर रात्र असो वा रविवार, कार्डावरच्या नंबरवर लगेच फोन करा. रंग परतला तरी दुखणं वाढतच असेल, तर फोन कराच. इथे तासांना किंमत असते.

घरात लग्न असेल तर किमान महिनाभर आधी या. सूज उतरून ओठ बसायला दोन आठवडे लागतात, काही कमी-जास्त करायचं असेल तर ते त्यानंतरच. लग्नाच्या आदल्या आठवड्यातली अपॉइंटमेंट आम्ही देत नाही.